काळ्या मातीपासून काळी नदीपर्यंत

हुबळी मागे पडून गाडी कलघटगीच्या वाटेला लागली तरी बराच वेळ आपण वऱ्हाडातच आहोत असं वाटत राहतं. तीच काळी माती, तशाच बांधावरच्या बाभळी, वेचून झालेल्या पऱ्हाट्या अजून वावरात उभ्या. आईनं काच खाली करून पाहिलं आणि विचारलं, "इकडं क्विंटलले काय भाव चालू असंल रे?" पौष महिना होता. कारंज्याला गुरुमंदिरातला नृसिंहसरस्वतींचा शुद्ध द्वितीयेचा जन्मोत्सव आटोपून आम्ही निघालो होतो. कारंजा ते पुणे ट्रॅव्हल्स, पुण्याहून हुबळीपर्यंत रेल्वे आणि पुढे ही भाड्याची गाडी. कारवारला मुंबईहून कोकण रेल्वेनं सरळ जाता येतं आणि ते सोयीचंही आहे. पण मला कारवार गाठायचं होतं ते याच रस्त्यानं, कारण हा रस्ता कापसाचा आहे. निदान तसा तो व्हायचा होता.

माझे वडील कारंज्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते. सरकी वेगळी झाली, रुई दाबली, गाठ बांधली, की ती मूर्तिजापूरला जाणार आणि तिथून मुंबईला. एके काळी मुंबईहून थेट दर्यापार. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट त्यासाठीच घातली गेली. तिच्यावरून धावणारी शकुंतला आमच्या गावावरूनच जायची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं होतं आणि ते १९९४ पर्यंत चाललं. कापूस इथून मँचेस्टरला आणि इंजिन मँचेस्टरहून इथं, एवढाच आमचा समुद्राशी संबंध. पाणी कुणी पाहिलं नव्हतं, पण सगळा व्यवहार त्या पाण्यावर अवलंबून होता. पुढे कधीतरी वाचनात आलं की आपल्यासारखीच काळी माती असलेल्या धारवाडच्या कापसासाठीही इंग्रजांनी एक बंदर हेरलं होतं, आणि ते बंदर म्हणजे कारवार. तेव्हापासून हे गाव डोक्यात होतं.

कलघटगी गेलं की मातीचा रंग बदलतो. काळीची तांबूस होते, कपाशी संपते, भाताची खाचरं दिसू लागतात. यल्लापूरच्या आधीच जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येतं. साग, ऐन, किंदळ, आणि त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिरवेल. मग अरबैल घाट. आमच्याकडे डोंगर म्हणजे उन्हाळ्यात पार उघडे पडणारे. इथले डोंगर पौषातही हिरवेगार होते, आणि दरीतून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या पाचोळ्याचा वास होता. उतरताना बसमागे बस, ट्रकमागे ट्रक. घाट संपतो तिथे सुपारीच्या बागा लागतात, मग नारळ, आणि अंकोल्याला हवा एकदम जड होते. अंगाला चिकटते. आईनं पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "आलं वाटते पानी."

पण अंकोल्याहून उत्तरेला वळल्यावर पाणी लगेच दिसत नाही. बराच वेळ डावीकडे नौदलाची भिंत चालते. तिच्याबद्दल पुढे सांगतो. मग बिणग्याच्या पुढे बोगदा लागतो, आणि बोगद्यातून बाहेर पडताच कारवारचा उपसागर समोर येतो. चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा, त्याच्या कडेनं सुरूची झाडं, मागे घरं, आणि घरांच्या पाठीला टेकलेले डोंगर. समुद्रात बेटं. लाटा फार मोठ्या नाहीत, कारण बेटांनी आणि डोंगराच्या सोंडांनी खाडीला आडोसा दिला आहे. चालकानं न सांगता गाडी कडेला घेतली. या जागेवर सगळेच थांबतात, असं तो म्हणाला.

आई बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिनं वऱ्हाडातल्या माणसाला पडणारा प्रश्न विचारला. "हे डोंगर अन् हे पानी. मंग वावरं कुठी हायेत?"

कारवार समजून घ्यायचं तर हाच प्रश्न धरून चालावं. डोंगर आणि समुद्र यांच्यात इथे जागाच नाही. शहर एका अरुंद पट्टीवर वसलेलं आहे आणि उत्तरेला काळी नदीनं तीही अडवली आहे. कोकण रेल्वेलासुद्धा शहरात शिरता आलं नाही, तिचं स्थानक आत शिरवाडला आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आमच्या कारंज्याच्या जवळजवळ चौपट. इतक्या थोड्या जमिनीवर, इतक्या देखण्या जागेवर गेल्या चारशे वर्षांत ज्याचा त्याचा डोळा राहिला, आणि प्रत्येकाला इथे काहीतरी मोठं उभारायचं होतं.

सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली ती मिरी आणि घाटावरून येणाऱ्या तलम कापडासाठी. पण मला खुणावत होता तो १८६० च्या आसपासचा काळ. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानातल्या प्रत्येक कापूसपट्ट्याला सोन्याचा भाव आला. आमच्या वऱ्हाडात खामगाव, कारंजा, अमरावतीच्या बाजारांचं नशीब त्याच वर्षांत फळफळलं. त्याच वेळी मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर धारवाडच्या कापसावर गेली आणि त्यासाठी जवळचं बंदर म्हणून त्यांनी काळी नदीच्या मुखाशी असलेलं सदाशिवगड-कारवार निवडलं. मँचेस्टर कॉटन कंपनीनं इथे यंत्रसामग्रीसुद्धा उतरवली. या बंदराचा विकास मुंबईकडून व्हावा म्हणून १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. कारवार पुढे जवळजवळ शतकभर मुंबईच्या कारभारात राहिलं त्याच्या मुळाशी कापूस आहे, हे कळल्यावर मी चकित झालो होतो. १८६४ मध्ये समोरच्या देवगड बेटावर दीपगृह उभं राहिलं ते याच धामधुमीत.

आणि मग काही झालं नाही. घाटातला रस्ता वेळेवर पूर्ण होईना, युद्ध संपलं, भाव कोसळले. हुबळी-कारवार रेल्वेच्या योजना कागदावर आल्या आणि गेल्या. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेनं दख्खनशी जोडलं गेलं आणि धारवाडचा कापूस गोव्याच्या वाटेनं गेला. हुबळी-अंकोला रेल्वे नव्वदच्या दशकापासून पुन्हा चर्चेत आहे. ती अजून जंगलाच्या प्रश्नात अडकलेली आहे. आम्ही उतरून आलो तो घाट पाहिल्यावर ती अडकलेलीच बरी, असं माझं स्पष्ट मत झालं.

आमच्याकडे रेल्वे झाली, कापूस गेला, आणि शेवटी रेल्वेही बंद पडली. शकुंतलेच्या रुळांत आता गवत आहे. कारवारकडे घाटावरून रेल्वे आलीच नाही. इथल्या जुन्या लोकांना त्याची हळहळ वाटते, ती मी ऐकली आणि मला ती समजते. गाव मोठं व्हायचं राहून गेलं, ही खंत आमच्याही गावाला आहे. पण ते मोठं बंदर झालं असतं तर ही चंद्रकोर आज गोद्यांखाली असती. कारवारचा किनारा कुणी जपला म्हणून उरला नाही. एक बेत फसला म्हणून तो उरला.

तो कसा उरला आहे हे पाहायला भल्या पहाटे किनाऱ्यावर जावं. शहराला लागून असलेल्या या वाळूला रवींद्रनाथ टागोर किनारा म्हणतात. सुरूच्या झाडांखालून आम्ही पाण्याकडे गेलो तेव्हा रापण ओढायला सुरुवात झालेली होती. होडीनं अर्धवर्तुळ घेत जाळं पाण्यात सोडून दिलेलं असतं. त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर, आणि प्रत्येक टोकाच्या दोराला वीस-पंचवीस माणसं. ती दोर नुसत्या हातानं ओढत नाहीत. कमरेला आडवा दोर अडकवून, पाय वाळूत रोवून, पाठ मागे टाकून उलट्या पावलांनी चालतात. शेवटचा माणूस वर सुरूपर्यंत पोचला की तो दोर सोडून परत पाण्याशी येतो आणि पुढचं टोक धरतो. एक म्हातारा नुसता दोराची वेटोळी घालत बसला होता. ओल्या दोराची गुंडाळी इतकी नीट की तिच्यातून नजर काढवत नव्हती. दोन्ही टोकं हळूहळू जवळ येत गेली. तासभर तरी गेला असेल. मग पाण्यात चांदी दिसायला लागली, आणि ज्या बायका इतका वेळ टोपल्या घेऊन शांत बसल्या होत्या त्या उठल्या.

जाळ्यात तारले होते, थोडे बांगडे, आणि बरेच जेलीफिश, जे वेचून परत पाण्यात फेकले जात होते. तारले हाताएवढेही नाहीत. पण कोवळ्या उन्हात त्यांच्या पाठीवरचा हिरवा-निळा रंग क्षणोक्षणी बदलतो आणि थोड्याच वेळात विझतो. मासळीचे वाटे तिथेच, वाळूवर पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोर ओढणाऱ्यांचे वाटे. आई मांस-मच्छी खात नाही. ती लांबून पाहत होती, पण वाटे पडायला लागले तशी जवळ गेली. खळ्यावर तिचं आयुष्य गेलं आहे. कोणाचा वाटा किती आणि कोणाचा कमी पडला हे तिला भाषा न कळताही कळत होतं. "त्या पोराले कमी देल्लं," तिनं मला सांगितलं, आणि खरंच, जरा वेळानं कुणीतरी त्या पोराच्या टोपलीत आणखी ओंजळभर मासे टाकले.

टोपलीवाल्या एका बाईनं आईला विचारलं, "खंयच्या तुमी?" आई म्हणाली, कारंज्याच्या. बाईचा चेहरा उजळला. "कारंजा? उरणचें?" उरणजवळचं कारंजा मासळीचं मोठं गाव, तिथल्या होड्या यांच्या ओळखीच्या. आईनं ठासून सांगितलं, "नाही बाई, लाडाचं कारंजं. कापसाचं." मग दोघी बराच वेळ बोलत राहिल्या, एक कोंकणीत आणि एक वऱ्हाडीत, आणि दोघींचं चाललं होतं भावाबद्दलच. सत्तरच्या दशकात यांत्रिक होड्या आणि पर्सिन जाळी आली तेव्हापासून रापणीला मासा कमी झाला. जे थवे पूर्वी किनाऱ्याला लागायचे ते आता बाहेरच उचलले जातात. त्या बाईनं ते एका वाक्यात सांगितलं. हातानं क्षितिजाकडे दाखवलं, मूठ आवळली, आणि मग रिकामी टोपली पालथी करून दाखवली.

ज्यांच्या नावानं हा किनारा ओळखला जातो ते रवींद्रनाथ इथे १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला आले तेव्हा जेमतेम विशीत होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे जिल्हा न्यायाधीश होते. सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली, आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. 'जीवनस्मृती'त रवींद्रनाथांनी कारवारवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. हा वळलेला किनारा, सुरूचं बन, आणि एका रात्री काळी नदीतून होडीनं वर जाऊन शिवाजीच्या जुन्या गडाशी थांबून चांदण्यात परत येणं, हे सगळं त्यात आहे. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथेच लिहिलं. संसार, माया, सगळं तोडून बसलेला एक संन्यासी एका अनाथ मुलीच्या जिव्हाळ्यानं पुन्हा माणसांत ओढला जातो, अशी ती गोष्ट. मी ती आईला सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि आमच्या गावची गोष्ट काढली. नृसिंहसरस्वती मुंजीनंतर लहान वयातच घर सोडून निघाले, पण आईला दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि तीस वर्षांनी तिला भेटायला कारंज्याला परत आले. "संन्याशाले बी यावं लागते," ती म्हणाली. किनाऱ्यावर उभं राहून बंगालच्या कवीचं नाटक आणि गुरुचरित्र असं एकमेकांना जोडलं जाईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

सदाशिवगडावर आम्ही ऊन कलल्यावर गेलो. नदीच्या उत्तर काठावरचा हा गड सोंध्याच्या बसवलिंग राजानं बांधला आणि वडिलांचं, सदाशिवलिंगाचं, नाव त्याला दिलं. गडाचं बांधकाम फारसं उरलेलं नाही. महामार्गानं टेकडी कापली आहे. पण वरून जे दिसतं ते या शहरात दुसरीकडून दिसत नाही. खाली काळी नदी समुद्राला मिळते, तिचं गडद पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी यांची सीमारेषा दूरवर स्पष्ट चालते. एका बाजूला देवबागची वाळूची जीभ आणि तिच्यावरची सुरूची झाडं, पलीकडे कोडीबाग, आणि समोर बेटांची रांग. कूर्मगडावर नृसिंहाचं देऊळ आहे आणि पौष पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. ती तोंडावर आली होती. होड्यांना रंग लागत होता, पताका चढत होत्या. नृसिंहसरस्वतींचा जन्मोत्सव करून निघालेल्या आईला समोरच्या बेटावर नृसिंह आहे हे ऐकून इतका आनंद झाला की तिनं तिथूनच हात जोडले.

गडाखाली नदीवर पूल दिसतो. पूर्वी तिथे दोन होते. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री जुना पूल कोसळला. त्यावरचा एक ट्रक नदीत पडला आणि चालकाला मच्छीमारांनी आणि पोलिसांनी जिवंत बाहेर काढलं. सुमारे चाळीस वर्षांचा पूल, गोव्याला जोडणारा. आम्ही गेलो तेव्हा सगळी वाहतूक एकाच पुलावर होती.

याच गडाजवळ मला कारवार आणि कारंजा यांचं आणखी एक नातं आठवलं. १६६५ च्या फेब्रुवारीत बसरूरची सागरी मोहीम आटोपून शिवाजी महाराज गोकर्णला आले, तिथे स्नान-दर्शन करून अंकोल्यावरून कारवारला. वखारवाल्या इंग्रजांनी आणि इथल्या व्यापाऱ्यांनी मिळून खंडणी भरली, त्यात इंग्रजांचा वाटा ११२ पौंडांचा होता. पुढे पाच वर्षांनी, १६७० मध्ये, मराठी फौजा वऱ्हाडात कारंज्यावर गेल्या. तलम कापड, सोनं, चांदी असा एक कोटीचा ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेल्याची नोंद इतिहासकारांनी दिली आहे. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस या आमच्या गावच्या वेशी. त्यांतली एखादी ओलांडताना मला नेहमी तो तांडा दिसतो. आपलं गाव तेव्हा एवढं श्रीमंत होतं याचा अभिमान वाटावा की ते लुटलं गेलं याचं वाईट वाटावं, हे मला कधी ठरवता आलेलं नाही. महाराजांवरची भक्ती आणि गावावरची माया दोन्ही खऱ्या आहेत.

चहाच्या टपरीवर एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांचं बोलणं शुद्ध, पुस्तकी मराठीत, पूर्वीच्या शिक्षकांसारखं. घरात कोंकणी, शाळेत मराठी, अशी इथल्या कित्येक पिढ्यांची रीत. १ नोव्हेंबर १९५६ ला कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. बेळगाव, कारवार, निपाणी ही घोषणा आम्ही विदर्भात लहानपणी भिंतींवर वाचायचो, कारवार कुठे आहे हे नकाशात न पाहता. ते म्हणाले, "माझी नातवंडं कन्नडमध्ये हुशार आहेत. माझ्याशी कोंकणीत बोलतात. कपाटातली मराठी पुस्तकं मात्र एकट्यानं वाचायची." तक्रारीचा सूर नव्हता. मी पिशवीतला एक दिवाळी अंक त्यांना दिला. त्यांनी आधी तो उघडून अनुक्रमणिका वाचली, सगळी, शेवटपर्यंत, आणि मगच चहाचा पेला उचलला.

आता ती भिंत. कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा मोठा तळ आहे. प्रोजेक्ट सीबर्डची पायाभरणी १९८६ मध्ये झाली आणि आयएनएस कदंब २००५ मध्ये सुरू झाला. समोरचं अंजदीव बेट आता लाटरोधक बांधानं मुख्य भूमीला जोडलेलं आहे. या बेटाशी १४९८ मध्ये वास्को द गामा थांबला होता, १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला, आणि १९६१ च्या डिसेंबरमध्ये ते परत घेताना आपले सात नौसैनिक पडले. देशाला हा तळ हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यासाठी किनाऱ्यावरची गावंच्या गावं उठली, मच्छीमारांची वाळू कुंपणात गेली, हेही तितकंच खरं आहे आणि ते सांगताना आवाज खाली आणायचं कारण नाही. त्यात भर नदीवरच्या धरणांची आणि कैग्याच्या अणुभट्ट्यांची. तिथल्या एका भट्टीनं २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस चालण्याचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला. देशासाठी कारवारनं आपल्या अरुंद पट्टीतून जेवढं दिलं तेवढं फार थोड्या गावांनी दिलं असेल. २०२० च्या जानेवारीत बंदर वाढवण्यासाठी टागोर किनाऱ्यालगत काम सुरू झालं तेव्हा मच्छीमार आणि शहर दोघंही रस्त्यावर उतरले, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शहराला लागून उरलेली ही शेवटची मोकळी वाळू. रापण ओढणाऱ्या त्या माणसांना पाहिल्यावर मी त्यांच्या बाजूचा आहे.

गोकर्णला निघालो तो रस्ता परत अंकोल्यावरून, आणि पुढे शिरूरवरून. १६ जुलै २०२४ ला इथे महामार्गासाठी कापलेला डोंगर मुसळधार पावसात खाली आला. रस्त्यालगतचं चहाचं दुकान, उभी वाहनं, माणसं, सगळं गंगावळी नदीत लोटलं गेलं. जखम अजून उघडी आहे, लाल माती वरपासून खालपर्यंत. चालकानं तिथे वेग वाढवला आणि कुणी काही बोललं नाही. डोंगर आणि पाणी यांच्यामधली जागा इथे किती थोडी आहे, हे कारवारच्या नकाशापेक्षा त्या लाल मातीनं मला जास्त सांगितलं.

आईच्या दृष्टीनं सगळा प्रवास गोकर्णासाठी होता. कारवार माझं, गोकर्ण तिचं. गुरुचरित्राच्या सप्ताहात तिनं सहावा आणि सातवा अध्याय कितीदा ऐकला असेल. रावण आत्मलिंग घेऊन लंकेला निघाला आहे, संध्येची वेळ झाली आहे, गणपती गुराख्याच्या पोराच्या रूपात पुढे येतो, लिंग हातात घेतो आणि जमिनीवर ठेवून देतो. रावणानं ते उपटायला जोर केला, लिंग पिळवटलं पण निघालं नाही, तेच हे महाबळेश्वर. रीत अशी की आधी गणपती, मग महाबळेश्वर. गणपतीच्या मस्तकावर खोलगट खूण आहे, रावणाच्या ठोशाची. आईनं ती वाकून पाहिली. मोठ्या देवळात पुरुषांना अंगरखा काढून आत जावं लागतं. शाळुंकेतल्या खळग्यात हात घालून आत्मलिंगाला स्पर्श करायचा. दगड थंड होता, पाण्यानं गुळगुळीत झालेला, आणि बोटांना खरंच पीळ लागतो.

श्रीपाद श्रीवल्लभ पिठापूरहून निघून तीर्थं करत इथे आले आणि तीन वर्षं राहिले, असं गुरुचरित्र सांगतं. इथून ते कुरवपूरला गेले. तिथे एका आईला, जी मंदबुद्धी मुलाला घेऊन नदीत जीव द्यायला निघाली होती, त्यांनी थांबवलं आणि शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं. तीच पुढल्या जन्मी कारंज्याला अंबा झाली, आणि तिच्या पोटी नृसिंहसरस्वती आले. आमच्याकडे अकराव्या अध्यायाला सगळे सरसावून बसतात, कारण तिथे आपल्या गावाचं नाव येतं. पण त्या नावाच्या आधीचे मुक्काम कुठले, हे आई इथे पायानं चालून पाहत होती. टेंभे स्वामींनी कारंजा हेच जन्मस्थान म्हणून शोधून सांगितलं आणि १९३४ मध्ये गुरुमंदिर उभं राहिलं, त्याआधी हे सगळं पोथीत होतं. तिच्या आईच्या लहानपणी मंदिर नव्हतं, पोथी मात्र होती.

कोटितीर्थाच्या पायऱ्यांवर एका पुरोहितांनी मराठीत विचारपूस केली. कारंज्याहून आलो म्हटल्यावर ते उठून उभे राहिले. आईला त्यांनी आधी बसायला सांगितलं, मग पाणी दिलं, आणि मग जन्मोत्सवात पालखी कशी निघते हे बारकाईनं विचारून घेतलं. ती सांगत होती, ते ऐकत होते. देवळामागे किनारा अगदी जवळ आहे. ॐकाराच्या आकाराचा ॐ किनारा थोडा दक्षिणेला, तिथे परदेशी मंडळी फार. आम्ही तिकडे संध्याकाळी जाऊन आलो. जागा सुंदर आहे, डोंगर थेट पाण्यात उतरतात. पण आईचं लक्ष तिथे नव्हतं.

गाडीत बसल्याबरोबर तिनं चालकाला विचारलं, "भाऊ, इथून कुरवपूर किती दूर हाय?" हुबळीच्या त्या मुलाला कुरवपूर माहीत नव्हतं. मी सांगितलं, रायचूरकडे, कृष्णेतलं बेट आहे, रायचूरपर्यंत रेल्वे, पुढे गाडी आणि मग होडी. पाणी चढलेलं असताना जाता येत नाही. तिनं हिशेब घातला. दिवाळी झाल्यावर पाणी उतरतं, तोवर पहिली वेचणी घरात आलेली असते, बाकीची मजुरांवर टाकता येते. "मंग दिवाळीनंतर," ती म्हणाली, आणि मला तिथेच, गाडीत, तिकिटं पाहायला लावली.